माद्रिद ते लिस्बन विमान वीस मिनिटांत?

स्टँडवरचे_काका
नमस्कार मंडळी. एसटीत बत्तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची बारा सातारा स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून. वेळापत्रक वाचायला मला कुणी शिकवायला नको. सध्या लेकीकडे माद्रिदला आलोय. तिनं आम्हा दोघांचं लिस्बनचं तिकीट काढलंय. सुटणार १०:०५, पोचणार १०:२५. अंतर पाचशे किलोमीटर! म्हणजे ताशी दीड हजार? आमची गाडी साताऱ्याहून वीस मिनिटांत नागठाण्याला पोचली तरी ड्रायव्हरला शाबासकी मिळायची. परतीला मात्र १८:१० ते २०:३०. लेक म्हणते, "बाबा, बरोबर आहे ते," आणि मीटिंगला बसते. छपाईची चूक आहे का? रेल्वे असेल तर तीही सांगा, हिच्या कानाला दडे बसतात.

लिस्बनची_सून
काका, तिकीट बरोबर आहे. पोर्तुगालचं घड्याळ स्पेनच्या एक तास मागे, बाराही महिने. दोन्हीकडच्या वेळा तिथल्या तिथल्या घड्याळाच्या. जाताना त्या वीस मिनिटांत एक तास मिळवा, येताना एक वजा करा. दोन्ही वेळा १ तास २० मिनिटंच. त्यातही हवेत तासाभराच्या आतबाहेर, बाकी धावपट्टीवरची रांग.

अर्धवट_भूगोल
गंमत म्हणजे सूर्याच्या हिशोबानं दोन्ही शहरांत जेमतेम बावीस मिनिटांचा फरक आहे. स्पेननं १९४० साली घड्याळं एक तास पुढे केली, ती तशीच राहिली. म्हणून तर माद्रिदला उन्हाळ्यात रात्री साडेनवापर्यंत उजेड असतो.
रेल्वेचं नाव काढू नका. रात्रीची थेट गाडी होती, ती मार्च २०२० मध्ये बंद पडली. आता बादाखोसला उतरून गाड्या बदलत अख्खा दिवस जातो.

लिस्बनची_सून
आणि घरून निघायची वेळ १०:०५ वरून ठरवू नका, साडेसातलाच बाहेर पडा. बाराखासचं, म्हणजे माद्रिदच्या विमानतळाचं, टी ४ बाकीच्या टर्मिनलांपासून लांब आहे. माझे सासरे टी १ ला उतरले, मग फुकटची बस पकडून धापा टाकत पोचले. लिस्बनचा विमानतळ मात्र गावातच, दारातून लाल मेट्रो. दोन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे आपसातल्या सीमेवर तपासणी न ठेवणाऱ्या देशांच्या गटात, म्हणून शिक्क्याची रांग नाही. तरी पासपोर्ट खिशात हवाच. काकूंना विमान उतरताना गोळी चघळायला द्या.

स्टँडवरचे_काका
आत्ता टाळी पडली! वहीत दोन रकाने केले, माद्रिद वेळ आणि लिस्बन वेळ. मनगटावरचं एचएमटी मात्र हलवणार नाही, ते अजून साताऱ्याच्याच वेळेवर आहे. हिचा प्रश्न: धपाटे आणि लोणचं हातातल्या पिशवीत चालेल का?

लिस्बनची_सून
धपाटे खुशाल न्या. लोणचं शंभर मिलीच्या बाटलीत, नाहीतर तपासणीलाच राहील. शेंगदाण्याची कोरडी चटणी घ्या, आणि थोडी जास्तच घ्या, मी मेट्रोवर घ्यायला येते.