महागड्या शहरात भाड्याने द्यायला पहिला फ्लॅट घेतलात का? अनुभव सांगा

राहत्या घराचं लोन फिटलंय, आता ठाण्यात घोडबंदर रोडला ८० लाखांचा वन बीएचके भाड्याने द्यायला घ्यावा असं आम्हा दोघांच्या मनात आहे. भाडं येईल २२ हजार आणि ६० लाखांच्या लोनला साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता ५२ हजार, म्हणजे महिन्याला ३० हजार खिशातून. ज्यांनी घेतलाय किंवा विचार करून सोडून दिलाय त्या सगळ्यांनी प्लीज लिहा, आकड्यांसकट.

*

आमचा पुण्याजवळ वाकडला आहे, हिंजवडीच्या आयटीवाल्यांच्या भरवशावर घेतलेला. एरवी भाडेकरू लगेच मिळतो, पण २०२० मध्ये वर्क फ्रॉम होम झालं, मुलं गावी गेली आणि फ्लॅट कितीतरी महिने रिकामा, हप्ता आणि मेंटेनन्स चालूच. बाजूला ठेवलेले पैसे होते म्हणून निभावलं. ताई, सहा महिन्यांचे हप्ते वेगळे काढून ठेवता येत नसतील तर खरंच घेऊ नका.

*

मी डोंबिवलीत रिसेल घेतला, स्टेशनपासून चालत, भाडेकरू तेच आधी विचारतात. एकटीच्या नावावर घेतला कारण बाईच्या नावावर स्टॅम्प ड्युटी १ टक्का कमी, इकडे ७ चे ६ होतात, तुमच्या ८० लाखांवर सरळ ८० हजार वाचतील. ओसी (राहायला परवानगीचा दाखला) आलेलं घर असेल तर जीएसटी पण नाही, बांधकाम चालू असेल तर ५ टक्के. आणि नॉन ऑक्युपन्सी चार्जेस (घर भाड्याने दिलं म्हणून सोसायटी घेते ते) सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांवर लावता येत नाहीत बरं का, आमच्या सोसायटीने भरमसाट लावले होते, सरकारी जीआरची कॉपी दिली तेव्हा कमी केले.

*

आम्ही नाही घेतला. नव्या टॅक्स रिजीममध्ये भाड्यापेक्षा व्याज जास्त गेलं तर तो तोटा पगारातून वजा होत नाही, जुन्यात २ लाखांपर्यंत होतो. आमचं सगळं गणित त्यावरच होतं. सासरे अजून नाराज आहेत, पण झोप शांत लागते.

*

घेतलात तर लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाडेकरार, रजिस्टरच करा, ११ महिन्यांचं असलं तरी. नोटरीवर भागवू नका, एजंट काहीही सांगू दे.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. मेंटेनन्स, प्रॉपर्टी टॅक्स आणि वर्षात एक महिना रिकामा धरला तर हातात वर्षाला जेमतेम २ लाख येतात, म्हणजे ८० लाखांवर अडीच टक्के, एफडीपेक्षाही कमी. कल्याण किंवा विरारला कोणी घेतलाय का? तिथे भाडं किती मिळतं?