इन्फ्यूजन पंपातल्या 'अँटी-बोलस', 'अँटी-फ्री-फ्लो', 'एअर डिटेक्टर' या सोयी प्रत्यक्षात किती वाचवतात?

थेंबमोजणी (प्रश्न)

अतिदक्षता विभागासाठी सिरिंज पंप (सिरिंजचा दट्ट्या हळूहळू ढकलून औषध देणारा) आणि व्हॉल्युमेट्रिक पंप (टांगलेल्या पिशवीतून ठरावीक वेगाने द्रव देणारा), दोन्हींचं स्पेसिफिकेशन लिहायचं आहे. प्रत्येक माहितीपत्रकात तेच शब्द आहेत: ऑक्लूजन अलार्म, अँटी-बोलस, अँटी-फ्री-फ्लो, एअर-इन-लाइन, ड्रग लायब्ररी. सगळ्यांसमोर बरोबरची खूण. यातली कुठली सोय खरोखर कुठला अपघात थांबवते, आणि कुठली थांबवते असं आपल्याला फक्त वाटतं? डेमोसाठी पंप टेबलावर आला की घरच्या घरी काय तपासता येईल? आणखी एक: ऑक्लूजन अलार्मची मर्यादा कमी ठेवावी की जास्त, यावर परिचारिका आणि डॉक्टरांचं एकमत होत नाही. त्यावरही लिहा.

बेंचटेस्ट

ऑक्लूजनपासून, म्हणजे नळीतल्या अडथळ्यापासून, सुरू करतो, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिथेच आहे.

पंप अडथळा 'पाहत' नाही, तो दाब मोजतो. नळी कुठेतरी दुमडली किंवा थ्री-वे (नळीवरची तीन तोंडांची तोटी) बंद राहिला की मोटर ढकलतच राहते. सिरिंजचं रबर दबतं, नळी किंचित फुगते, दाब हळूहळू चढतो आणि ठरवलेली मर्यादा गाठली की अलार्म होतो. म्हणजे अलार्मला लागणारा वेळ दोन गोष्टींवर ठरतो: मर्यादा किती आणि वेग किती. समजा, मर्यादेपर्यंत दाब चढायला ०.५ मिली द्रव साठावा लागतो. तासाला १०० मिली वेग असेल तर १८ सेकंदांत अलार्म. तासाला १ मिली असेल तर अर्धा तास. तोवर स्क्रीनवर पंप व्यवस्थित चालू दिसतो आणि रुग्णाला एक थेंबही जात नाही.

आता दुसरी बाजू. तो ०.५ मिली कुठे गेला? नळीत दाबून बसला आहे. घाईत थ्री-वे उघडला की तो एकदम शिरेत जातो. रक्तदाब वाढवणाऱ्या नॉरअॅड्रेनलिनचं उदाहरण घ्या: ५० मिलीत ४ मिलिग्रॅम, म्हणजे मिलीला ८० मायक्रोग्रॅम. ६० किलोच्या रुग्णाला मिनिटाला किलोमागे ०.१ मायक्रोग्रॅम द्यायचं तर तासाला ४.५ मिली. या वेगाने ०.५ मिली साठायला ६ मिनिटं ४० सेकंद लागतात, आणि सुटतं तेव्हा ४० मायक्रोग्रॅम एका दमात जातं. जितका वेळ औषध मिळालं नाही, तितक्या वेळाचं सगळं औषध एकदम. आधी रक्तदाब पडतो, मग उसळतो.

असा एकदम गेलेला डोस म्हणजे बोलस. अँटी-बोलस म्हणजे अलार्म होताच पंप मोटर थोडी उलटी फिरवून दाब उतरवतो. उपयोगी आहे, पण साठलेलं शून्यावर येत नाही. म्हणून हाताची सवयही हवी. अलार्म झाला की आधी थ्री-वे रुग्णाच्या बाजूने बंद करायचा, नळीची बाजू हवेला उघडून दाब गॉजवर सोडायचा, अडथळा शोधून काढायचा, मग पुन्हा जोडून सुरू करायचं. उलट क्रमाने केलं तर महागातला पंपही वाचवणार नाही.

तुमच्या वादाचं उत्तर यातच आहे. तीव्र परिणामाचं औषध आणि कमी वेग असेल तर मर्यादा कमी. बारीक कॅन्युलातून (शिरेत बसवलेल्या नळीतून) वेगाने सलाईन द्यायचं असेल तर जास्त, नाहीतर अडथळा नसतानाही पंप ओरडत राहील. वॉर्डभर एकच आकडा ठेवणं ही चूक आहे. पंपात औषधानुसार मर्यादा ठेवता येते का, हे विचारा.

टेबलावरची चाचणी: ५० मिलीची सिरिंज, नेहमीची एक्स्टेन्शन लाइन, टोकाला थ्री-वे. तासाला ५ मिलीवर चालवा, टोकाला थेंब नियमित पडू लागले की थ्री-वे बंद करा आणि स्टॉपवॉच लावा. अलार्मपर्यंतचा वेळ लिहा. मग थ्री-वे १ मिलीच्या, दट्ट्या काढलेल्या सिरिंजमध्ये उघडा आणि किती द्रव उसळला ते मोजा. तेच तासाला १ मिलीवर करा. आयईसी ६०६०१-२-२४ या मानकात हेच दोन आकडे, अलार्मचा वेळ आणि नंतरचा बोलस, निर्मात्याने द्यायचे असतात. सिरिंज पंपासाठी मधला वेग ५, व्हॉल्युमेट्रिकसाठी २५ मिली प्रतितास. विक्रेत्याकडून ते पान मागून घ्या आणि तुमच्या मोजमापाशी ताडून पाहा.

शिफ्ट_इनचार्ज

वरच्यात भर. फ्री-फ्लो म्हणजे पंपाच्या ताब्याबाहेर द्रव आपोआप वाहून जाणं; त्याची चाचणी एका मिनिटाची आहे आणि ती कुणी करत नाही.

पिशवी पंपाच्या वर साधारण मीटरभर टांगा, सेट (पिशवीपासून रुग्णापर्यंतची नळी) भरून पंपात बसवा, रोलर क्लॅम्प (नळी दाबून बंद करायचं चाक) पूर्ण उघडा ठेवा. आता पंपाचं दार उघडून सेट बाहेर काढा. टोकातून धार लागली तर तो पंप संरक्षित नाही, माहितीपत्रकात काहीही लिहिलेलं असो. तासाला ५ मिली जायचं औषध अशा वेळी काही सेकंदांत तेवढं जातं.

चांगल्या रचनेत क्लॅम्प पंपात नसून सेटवरच असतो. तो बंद केल्याशिवाय दार उघडत नाही किंवा सेट निघत नाही. कुठलाही सेट चालणारे 'ओपन' पंप दार बंद असेपर्यंत नळी दाबून धरतात. दार उघडलं की सगळं रोलर क्लॅम्पवर, म्हणजे माणसाच्या आठवणीवर. त्यात नळीचा व्यास आणि भिंतीची जाडी बदलली की वेगही चुकतो, म्हणून सेटचा ब्रँड बदलला तर पुन्हा कॅलिब्रेशन लागतं. सेट स्वस्त पडतात म्हणून असा पंप घ्यायचा असेल तर हे दोन्ही खर्च मनात धरा.

सिरिंज पंपातलं फ्री-फ्लोचं भावंड म्हणजे सायफनिंग, उंचीमुळे द्रव आपोआप खाली ओढला जाणं. दट्ट्याची टोपी पकडीत नीट बसली नाही आणि पंप रुग्णापेक्षा १ मीटर वर असेल तर १०० सेंमी पाण्याचा, म्हणजे साधारण ७४ मिमी पाऱ्याचा ओढा नळीवर असतो. सिरिंजला तडा असेल किंवा हवा आत शिरायला वाट असेल तर ती आपोआप रिकामी होऊ शकते. अँटी-सायफन व्हॉल्व्ह असलेली लाइन हे थांबवते. पण त्या व्हॉल्व्हला उघडायलाच दाब लागतो, त्यामुळे ऑक्लूजनची मर्यादा अगदी खाली ठेवली तर खोटे अलार्म होतील. पंप जमेल तितका रुग्णाच्या हृदयाच्या पातळीला ठेवावा, सायफनचं निम्मं संकट तिथेच संपतं.

रुग्ण हलवताना पंप चालू ठेवून स्टँडवर उचलू नका. वर उचलला की छोटा बोलस जातो, खाली ठेवला की काही मिनिटं प्रवाह थांबतो किंवा उलटा होतो. वेग जितका कमी, तितका हा खंड लांबतो.

थेंबमोजणी

दोघांचेही आभार, चाचण्या लिहून घेतल्या. एअर डिटेक्टरबद्दल कुणीच बोललं नाही. वॉर्डातली मुख्य तक्रार तीच आहे: बारीक बुडबुड्यांवर सारखा अलार्म, शेवटी कंटाळून संवेदनशीलता कमी केली जाते.

शिफ्ट_इनचार्ज

डिटेक्टर नळीच्या एका बाजूने अल्ट्रासाउंड सोडतो आणि दुसऱ्या बाजूने ऐकतो. द्रवातून आवाज पोचतो, हवेतून जवळजवळ पोचत नाही. म्हणजे नळी खाचेत नीट बसली नसेल किंवा खाचेत वाळलेलं डेक्स्ट्रोज असेल तरीही पंपाला 'हवा' दिसते. संवेदनशीलता बदलण्याआधी खाच ओल्या कापडाने पुसा.

खरे बुडबुडे बहुतेक भरताना किंवा तापमानामुळे येतात. फ्रिजमधली पिशवी थेट लावली की द्रव गरम होताना त्यात विरघळलेली हवा सुटते. आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. ड्रिप चेंबर अर्धा भरल्याशिवाय क्लॅम्प उघडू नका. सेट सावकाश भरा; वाय-पोर्ट आणि चेक व्हॉल्व्ह उलटे धरून टिचकी मारा, हवा तिथेच दडते. आणि पिशवी संपण्याआधी पंप थांबावा म्हणून 'द्यायचं आकारमान' पिशवीपेक्षा थोडं कमी ठेवा. चेंबर कोरडा पडला की पुढचा सगळा खटाटोप आपणच ओढवून घेतलेला असतो.

दोन आंधळ्या जागा लक्षात ठेवा. डिटेक्टर पंपाच्या आत असतो, त्यामुळे त्याच्यापुढच्या थ्री-वेमधून शिरलेली हवा त्याला दिसतच नाही. दुसरी: बहुतेक सिरिंज पंपांना एअर डिटेक्टर नसतोच. तिथे लाइन भरताना डोळेच लागतात. हृदयात उजवीकडून डावीकडे रक्त जाण्याची वाट असलेल्या रुग्णांत छोटा बुडबुडाही मेंदूपर्यंत जाऊ शकतो, तिथे ०.२ मायक्रॉनचा, हवा बाहेर सोडणारा फिल्टर लावतात. लिपिड इमल्शनला तो चालत नाही, त्यासाठी १.२ मायक्रॉनचा. रक्त यातल्या कुठल्याही फिल्टरमधून द्यायचं नाही, त्याचा सेट वेगळा.

काचेच्या बाटलीबद्दल विशेष सावध. तिला हवेची वाट द्यावीच लागते, मऊ पिशवीसारखी ती आकसत नाही. संपली की हवा थेट नळीत उतरते. मऊ पिशवी प्रेशर बॅगमध्ये ३०० मिमी पाऱ्यावर द्यायची असेल तर आधी पिशवीतली हवा पूर्ण काढून टाका.

बेंचटेस्ट

डिटेक्टर तपासायला: चालू लाइनमध्ये, पंपाच्या वरच्या वाय-पोर्टमधून १ मिलीच्या सिरिंजने ०.१ मिली हवा सोडा. ३ मिमी आतल्या व्यासाच्या नळीत ती साधारण १४ मिमी लांब दिसते. मर्यादा ०.१ वर ठेवली असेल तर पंप थांबायला हवा. नंतर ०.०२ मिलीचे पाच बुडबुडे एकामागून एक सोडा. काही पंप फक्त एकेक बुडबुडा मोजतात, काही ठरावीक वेळेतली बेरीजही करतात. बेरीज करणारा घ्या. अर्थात लाइनचं टोक बादलीत, कुणाला जोडलेलं नाही.

मात्रा_आणि_मापं

औषधनिर्माणाच्या बाजूने. वरच्या सगळ्या सोयी द्रव 'कसा' जातो ते सांभाळतात. आकडाच चुकीचा भरला तर त्या इमानदारीने चुकीचा डोस देतात.

अमेरिकेच्या एफडीएकडे (औषधं आणि उपकरणांच्या नियामक संस्थेकडे) २००५ ते २००९ या काळात इन्फ्यूजन पंपांबद्दल सुमारे ५६,००० प्रतिकूल घटनांचे अहवाल आले आणि ८७ रिकॉल झाले. कारणांत सॉफ्टवेअर, अलार्म, बॅटरी होत्याच; आणि 'की बाउन्स' होता: कळ एकदा दाबली, पंपाने दोनदा धरली, १० चे १०० झाले. डेमोला आलेल्या पंपाच्या कळा हातमोजे घालून, ओल्या बोटाने, घाईत दाबून पाहा.

ड्रग लायब्ररी यासाठीच आहे. औषध निवडलं की पंप त्याच्या मर्यादा लावतो. सॉफ्ट लिमिट विचारतं, 'खात्री आहे?', आणि पुढे जाऊ देतं. हार्ड लिमिट अडवतं. सगळ्यालाच सॉफ्ट लिमिट लावलं की ते 'ओके' दाबायची सवय लावतं, बाकी काही नाही. नॉरअॅड्रेनलिन, इन्सुलिन, पोटॅशियम, हेपॅरिन, ओपिऑइड यांना हार्ड लिमिट हवंच. एकक औषधाला पक्कं बांधा: 'प्रतिमिनिट' ऐवजी 'प्रतितास' निवडता येत असेल तर ती ६० पटींची चूक होण्याची वाट पाहत बसली आहे. तीव्रताही एका औषधाला एकच किंवा फार तर दोन ठेवा, आणि लेबलवर तेच शब्द, त्याच क्रमाने.

लायब्ररी कशाला आंधळी असते तेही सांगतो. चुकीचा रुग्ण, चुकीचं वजन, सिरिंजमध्ये भलतंच औषध, आणि 'बेसिक मोड'. शेवटच्यात औषधाचं नाव न घालता नुसता मिलीचा वेग भरता येतो. तो मोड पासवर्डमागे ठेवता येतो का, हे विचारा.

आणि सिरिंजचा ब्रँड. सिरिंज पंप दट्ट्या किती मिलिमीटर सरकला तेवढंच जाणतो. मिली तो आतल्या व्यासावरून काढतो. पकडीमुळे त्याला आकार कळतो, ब्रँड नाही. आतला व्यास २८ मिमी समजून २९ मिमीची सिरिंज चालवली तर २९ भागिले २८ चा वर्ग, म्हणजे ७ टक्के जास्त औषध जातं. खरेदी विभागाने सिरिंज बदलली की पंपातली यादीही त्याच दिवशी बदलायला हवी. हे स्पेसिफिकेशनमध्ये नाही, खरेदीच्या कार्यपद्धतीत लिहा.

लूअर_विरोधी

पंपांच्या गर्दीत जोडणी राहून गेली. लूअर टोक (सिरिंज आणि नळ्या जोडायचं नेहमीचं टोक) सगळीकडे बसतं हीच त्याची सोय आणि हाच धोका. शिरेची सिरिंज एपिड्यूरलला (मणक्यातल्या नळीला), फीडिंगची नळी सेंट्रल लाइनला बसू शकते. आयएसओ ८०३६९ मालिकेने प्रत्येक वापराला वेगळा आकार दिला: भाग ३ पोटाच्या नळ्यांना, भाग ६ मज्जारज्जूजवळच्या जोडण्यांना, भाग ७ म्हणजे नेहमीचा लूअर. चुकीची जोडी बसतच नाही, त्यामुळे लेबल वाचलं नाही तरी अपघात टळतो. अॅडाप्टर लावून दोन्ही जोडले की मात्र सगळं पाण्यात, म्हणून अॅडाप्टर साठ्यात ठेवू नका.

जोडणी बदलता येत नसेल तर औषधाचं रूप बदला. विंक्रिस्टिन हे कर्करोगावरचं औषध मणक्यात गेलं तर बहुतेक वेळा जीव जातो. ते सिरिंजऐवजी मिनीबॅगमध्ये पाठवलं की मणक्यातून द्यायला हातात सिरिंजच येत नाही.

शिफ्ट_इनचार्ज

एक राहिलंच. सिरिंज पंप आणि साधं सलाईन एकाच कॅन्युलावर वाय-जोडणीने असेल तर सलाईनच्या बाजूला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (एकाच दिशेने वाहू देणारा) हवाच. कॅन्युला बंद पडली की पंप मॉर्फिन उलटं सलाईनच्या नळीत ढकलतो. तिथे दाब चढत नाही, म्हणून ऑक्लूजन अलार्म होतच नाही. कॅन्युला मोकळी झाली की नळीत जमलेलं सगळं मॉर्फिन सलाईनबरोबर वाहून जातं. व्हॉल्व्ह बसवताना बाण रुग्णाकडे.