भारताच्या गोलवीरांना तुम्ही कुठून पाहिलंत? ठाणे-नवी मुंबईकरांनो, अनुभव लिहा

वर्ल्ड कप आला की आपल्याकडे गॅलऱ्यांतून ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागतात. लागू देत, मीही लावलाय. पण भारतासाठी गोल करणाऱ्यांबद्दल आपण आपसांत फार कमी बोलतो, म्हणून हा धागा. मैदानात, टीव्हीवर, घरच्यांकडून ऐकलेलं, काहीही चालेल. सुरुवात मीच करतो.

जून २०१८. अंधेरीला १ तारखेला भारतानं चिनी तैपेईला (म्हणजे तैवानला) ५-० हरवलं, सुनील छेत्रीची हॅटट्रिक, आणि प्रेक्षक जेमतेम अडीच हजार. दुसऱ्या दिवशी त्याचा व्हिडिओ आला: शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात या. ४ तारखेला केनियाविरुद्ध त्याचा शंभरावा सामना. आम्ही कोपरीची पोरं ठाण्याहून घाटकोपर आणि पुढे मेट्रोनं आझादनगर. मेट्रोच्या डब्यातच निळे टी-शर्ट दिसायला लागले, तेव्हाच कळलं की आज स्टेडियम भरणार. तिकिटं संपली होती! पाऊस असा की चेंडू पाण्यात अडकून थांबायचा. मध्यंतरापर्यंत गोल नाही. मग छेत्रीची पेनल्टी, लगेच आपला दुसरा स्ट्रायकर जेजे लालपेखलुआचा गोल आणि अगदी शेवटी पुन्हा छेत्री. ३-०. ओल्या कपड्यांनी कुणी घरी जायला तयार नव्हतं. ज्या माणसानं हात जोडून बोलावलं, त्यानंच दोन गोल करून आलेल्यांचं स्वागत केलं, असं मला आजही वाटतं.

ठाणे, नौपाडा
दादा, छेत्रीआधीचंही लिहायला हवं. आमचे वडील मुंबईच्या कूपरेज मैदानावर रोव्हर्स कप या जुन्या फुटबॉल स्पर्धेचे सामने बघायला जायचे. त्यांच्या तोंडी सतत एकच नाव, नेव्हिल डिसूझा. मुंबईचा खेळाडू. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यानं तीन गोल मारले आणि भारत ४-२ जिंकला. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. त्या वेळी आपण चौथे आलो. माझ्या नातवाला छेत्रीचे सगळे आकडे पाठ आहेत, हे नाव मात्र मी सांगेपर्यंत त्यानं ऐकलंच नव्हतं. शाळांमधून सांगायला हवं हे.

खारघर
आमच्या मजल्यावर दोन मल्याळी कुटुंबं आहेत. त्यांच्याकडे छेत्रीइतकंच आय. एम. विजयनचं कौतुक. त्रिशूरच्या स्टेडियममध्ये सोडा विकणारा पोरगा देशाचा कॅप्टन झाला, हे शेजारचे अंकल सांगतात तेव्हा त्यांचा आवाज बदलतो. ६ जून २०२४ला छेत्रीचा निरोपाचा सामना आम्ही त्यांच्याच घरी पाहिला. कोलकाता, समोर कुवेत, ०-०. एक गोल हवा होता हो! मार्च २०२५मध्ये तो परत आला आणि शिलाँगला मालदीवविरुद्ध ९५वा गोल केला, तेव्हा अंकलनी स्वतः येऊन आमची बेल वाजवली.

ऐरोली
केनियाच्या त्या सामन्याला मीही होतो. घसा दुसऱ्या दिवशीही बसलेला होता.

नेरूळ
मी मुलींना फुटबॉल शिकवते, म्हणून मुलींच्या संघाचं लिहिते. जानेवारी २०२२मध्ये महिलांचा आशियाई चषक आपल्या डी. वाय. पाटीलवर होता. भारत-इराण ०-०. कोविडमुळे आम्ही तो घरी बसून पाहिला, आणि स्टेडियमचे दिवे तर आमच्या गच्चीवरून दिसत होते. संधी मिळत होत्या, गोल होत नव्हता, मुली स्क्रीनकडे बघून ओरडत होत्या. पुढचा चिनी तैपेईबरोबरचा सामना झालाच नाही. संघात कोविडचे इतके रुग्ण निघाले की खेळायला पुरेशा खेळाडूच उरल्या नाहीत, आणि स्पर्धा आपल्यासाठी तिथेच संपली. माझ्या संघातली एक मुलगी तेव्हा खूप रडली होती. तिला मी बाला देवीबद्दल सांगितलं. मणिपूरची, भारतासाठी पन्नासहून जास्त गोल, २०२०मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबकडून खेळायला गेली. तोवर तिला वाटायचं की भारताकडून गोल फक्त छेत्रीच करतो.

जुलै २०२५मध्ये संगीता बासफोरच्या दोन गोलांवर आपण थायलंडला २-१ हरवलं आणि २०२६च्या आशियाई चषकाची पात्रता मिळवली. ती मुलगी आता स्ट्रायकर खेळते. कोपरीचे दादा, पुढचा भारताचा सामना नेरूळला आला, तर तुमची सगळी पोरं घेऊन या. महिलांचा असला तरी या.