कॉलेज फुटबॉलवाल्यांच्या पदव्या: ९१ टक्क्यांत नेमकं कोण बसतं?

रानजाई

हिवाळा तोंडावर आला की एनसीएए (अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांचा कारभार पाहणारी संस्था) आपले किती खेळाडू पदवीधर झाले याचा आकडा जाहीर करते. २०२४ मध्ये डिव्हिजन वनच्या (कॉलेज-खेळांची सर्वांत वरची श्रेणी) सगळ्या खेळांचा मिळून तो ९१ टक्के होता. फुटबॉलचा, म्हणजे हेल्मेट घालून खेळतात त्या अमेरिकन फुटबॉलचा, त्याहून कमी असतो. वरच्या गटात ऐंशीच्या आसपास. तरी ऐकायला चांगलाच. मग कोचच्या करारातला बोनस, माहितीपत्रकावर टोपी-झगेवाली पोरं, सगळं रीतसर पार पडतं.

माझं म्हणणं एवढंच: हा आकडा खोटा नाही, पण ज्या मुलांची काळजी वाटायला हवी त्यांनाच बाहेर ठेवून तो काढलेला आहे.

कसं ते बघा. तिकडे दोन मोजमापं चालतात. एक सरकारी, १९९० च्या कायद्यातून आलेलं. पहिल्या वर्षाला पूर्णवेळ दाखल झालेल्यांपैकी किती जण सहा वर्षांत त्याच कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडले, एवढंच ते बघतं. दुसरं एनसीएएचं स्वतःचं, 'ग्रॅज्युएशन सक्सेस रेट', २००५ पासून जाहीर होणारं. अभ्यासात पात्र असताना कॉलेज सोडून गेलेल्या मुलाला ते छेदातून काढतं आणि बाहेरून बदलून आलेल्याला आत घेतं.

समजा शंभर मुलं घेतली. पंचावन्न पदवीधर झाली, पंचवीस पात्र असताना निघून गेली, वीस अभ्यासात गळाली. (आकडे समजण्यापुरते, माझे.) सरकारी हिशेबाने ५५ टक्के. एनसीएएच्या हिशेबाने ५५ भागिले ७५, म्हणजे ७३. एकाही पोराने जास्तीचं पुस्तक उघडलं नाही आणि टक्के अठराने वाढले.

त्या पंचविसांपैकी जो दुसऱ्या डिव्हिजन वन कॉलेजात गेला तो तिथे मोजला जातो, मान्य. पण जो गुडघा गेल्यावर घरी परतला आणि पुन्हा कुठल्याच कॉलेजची पायरी चढला नाही, त्याचं काय? पात्र असताना गेला ना, मग तो कुणाच्याच खात्यात नाही.

ओहायोकर

असहमत. तुम्ही एका मोजमापाची भोकं दाखवलीत आणि दुसऱ्याची झाकलीत.

सरकारी पद्धतीत कॉलेज बदलणं म्हणजेच नापास. एखादा पोरगा दोन वर्षं एका कॉलेजात खेळला, तिथे संधी मिळेना म्हणून दुसरीकडे गेला, तिथे चांगली पदवी घेतली, तरी पहिल्या कॉलेजच्या नावावर तो अपयशी आणि दुसऱ्याच्या खात्यात तर नाहीच. फुटबॉलमध्ये कॉलेज बदलणारे भरपूर. त्यांना अडाणी ठरवणारा आकडा जास्त प्रामाणिक कसा?

आणि आमच्याकडचंच उदाहरण घ्या. २०१२ मध्ये ओहायो स्टेटचा कार्डेल जोन्स ट्विटरवर लिहून बसला होता की आम्ही इथे फुटबॉल खेळायला आलोय, शाळा-शाळा खेळायला नाही, वर्गात कशाला जायचं. देशभर हसं झालं. हाच जोन्स २०१५ च्या जानेवारीत राष्ट्रीय अंतिम सामना जिंकून देतो, पुढच्या वर्षी एनएफएलमध्ये (व्यावसायिक फुटबॉलची लीग) जातो आणि २०१७ मध्ये परत येऊन पदवी पुरी करतो. पदवीदानाच्या टोपीवर स्वतःचीच ती जुनी ओळ लिहून आला होता. फ्लोरिडा स्टेटच्या मायरन रोलला तर ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळाली, एनएफएल झाल्यावर तो मेंदूचा सर्जन झाला. अशांबद्दल धागा निघत नाही.

नियमांना दात नाहीत असंही नाही. प्रत्येक संघाचा 'अकॅडमिक प्रोग्रेस रेट' निघतो, हजारपैकी. मुलगा पात्र राहिला की एक गुण, कॉलेजात टिकला की एक गुण, दर सत्राला. ९३० च्या खाली गेलात तर हंगामानंतरच्या स्पर्धा बंद. कनेटिकटच्या बास्केटबॉल संघाने २०११ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं आणि २०१३ मध्ये त्यांनाच याच कारणाने बाहेर बसवलं. एवढ्या मोठ्या संघाला हात लावला, आणखी काय हवं?

निमित्तमात्र

बसवलं खरं, पण २०१४ मध्ये परत विजेते. फारच भोवली म्हणायची शिक्षा. :)

वहीवाली

मी एका मोठ्या सरकारी विद्यापीठात (नाव नको) खेळाडूंना गणित शिकवायचे, ट्यूटर म्हणून. त्यामुळे दोघांनाही थोडं थोडं टोचते.

ओहायोकर, तुमचा तो प्रोग्रेस रेट सांभाळण्यासाठी जी यंत्रणा उभी राहते ती आतून बघा. ट्यूटर वेगळे, सल्लागार वेगळे, सक्तीचा स्टडी हॉल, आणि वर्गाच्या दारात उभं राहून पोरगा आला की नाही याची खूण करणारा 'क्लास चेकर'. सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीवर: शनिवारी तो खेळायला पात्र हवा. नियम असा की दुसरं वर्ष संपेपर्यंत पदवीचा ४० टक्के भाग पुरा हवा, तिसऱ्याला ६०, चौथ्याला ८०. दिसायला छान. पण त्यामुळे विषय बदलायची सोय जाते. दुसऱ्या वर्षाला एखाद्याला इंजिनिअरिंगकडे वळावंसं वाटलं, तर आधीची क्रेडिट्स नव्या पदवीत बसत नाहीत, टक्का घसरतो, पात्रता जाते. सल्लागार मग प्रेमाने सांगतो, "आहे त्यातच राहा बाळा." म्हणून एकाच संघातली पोरं एकाच दोन-तीन विषयांत कोंबलेली दिसतात.

वेळेचं तर विचारू नका. कागदावर आठवड्याला वीस तासांची मर्यादा. पण 'ऐच्छिक' व्यायाम, प्रवास, फिजिओ, चित्रफिती बघणं हे धरलं तर हंगामात चाळिशी सहज ओलांडते. पहाटे वजनं उचलून आलेला शंभर-सव्वाशे किलोचा लाइनमन माझ्यासमोर कॅल्क्युलसच्या वहीवर मान टाकून झोपलेला मी पाहिलाय. मुलगा बुद्धीने कमी नव्हता हो. दुपारी सराव असतो, आणि प्रयोगशाळेचे वर्ग बहुधा दुपारीच.

आता रानजाई, तुम्हाला. माझ्याकडची कितीतरी पोरं अशा घरांतून आलेली होती जिथे आधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. फी माफ, जेवण, राहणं, वर चार माणसं मागे लागणारी. फुटबॉल नसता तर त्यांतली बरीच जणं आत आलीच नसती. कुठल्या छेदाने भागायचं हा वाद आपल्यासारख्यांना परवडतो.

अण्णा सोलापूरकर

आपल्याकडे काय वेगळं आहे? दहावी-बारावीला राज्य पातळीवर खेळलात की बोर्डाचे सवलतीचे गुण, पुढे सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण. तिथे कुणी पदवीचा टक्का मागत नाही. निदान अमेरिकेत मोजतात तरी.

रानजाई

अण्णा, अवांतर होतंय, पण तुमचं शेवटचं वाक्य पटलं. फरक पैशाचा आहे. आपल्या कबड्डीपटूच्या जिवावर कॉलेज कोट्यवधी कमवत नाही. तिकडे बऱ्याच राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर म्हणजे विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल कोच. आणि इतकी वर्षं मुलांना पैसे का द्यायचे नाहीत, तर म्हणे शिक्षण मिळतंय ना. शिक्षण हाच मोबदला असेल तर तो पोचला की नाही याचा हिशेब चोख हवा.

वहीवाली, तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण 'आत आले' आणि 'काही शिकून बाहेर पडले' यांच्यामध्ये नॉर्थ कॅरोलायना उभं आहे. १९९३ ते २०११ चॅपल हिलच्या विद्यापीठात असे वर्ग चालले की ज्यांत तास नाही, प्राध्यापकाची भेट नाही, शेवटी एक निबंध द्यायचा आणि त्याला गुण द्यायचे ते विभागाच्या कार्यालयातल्या कर्मचारी बाईंनी. २०१४ च्या चौकशीत ३,१०० हून जास्त विद्यार्थी निघाले, त्यांतले जवळपास निम्मे खेळाडू. २०१७ मध्ये एनसीएएने काय केलं? हे वर्ग सगळ्यांनाच खुले होते, खेळाडूंना वेगळी सवलत नव्हती, म्हणून शिक्षा नाही! ते सगळे पदवीधर टक्केवारीत आहेतच, दोन्ही पद्धतींच्या.

गणितज्ञ नव्हे

तुलना कुणाशी करायची हे कुणीच बोललं नाही.

'फुटबॉलवाले साधारण विद्यार्थ्यांइतकेच पदवीधर होतात' असं वाक्य वाचलं की सावध व्हा. साधारण विद्यार्थ्यांत कर्ज काढून शिकणारे, मधेच नोकरी धरून अर्धवेळ झालेले, पैसे संपल्यावर सोडून गेलेले असे सगळे येतात. खेळाडूला तर सत्राला बारा क्रेडिट्स घेऊन पूर्णवेळ राहणं सक्तीचं, आणि शिष्यवृत्तीवाल्याला फीची चिंता नाही. त्याचा टक्का वरच असायला हवा. साउथ कॅरोलायना विद्यापीठातले रिचर्ड साउथॉल वर्षानुवर्षं हेच सांगत आलेत: पूर्णवेळ शिकणाऱ्यांशी ताडून बघा, म्हणजे मोठ्या फुटबॉल संघांची पिछाडी दिसते.

दुसरं, सरासरीखाली रंग लपतो. शॉन हार्पर यांनी २०१८ मध्ये पाच बड्या कॉन्फरन्समधल्या (आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांचे गट) ६५ विद्यापीठांचा अहवाल काढला. तिथल्या पदवी-विद्यार्थ्यांत कृष्णवर्णीय मुलगे २.४ टक्के, फुटबॉल संघांत ५५ टक्के. सहा वर्षांत पदवी: सगळे विद्यार्थी ७६.३, सगळे खेळाडू ६९.३, सगळे कृष्णवर्णीय मुलगे ६०.१, आणि कृष्णवर्णीय खेळाडू ५५.२.

शेवटचे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. वहीवाली म्हणतात फुटबॉलमुळे आत आले. असेल. पण त्याच आवारातले त्यांचे भाऊबंद, बहुतेक फी भरून, ट्यूटर-चेकरशिवाय, त्यांच्यापेक्षा पुढे आहेत.

ओहायोकर

हे आकडे सरकारी पद्धतीचे आहेत, म्हणजे बदलून गेलेले सगळे त्यात नापास. खेळाडू इतरांपेक्षा जास्त बदलतात, त्यामुळे त्या पाच टक्क्यांच्या फरकातला काही भाग तिथेच विरघळतो. सगळा नाही, हे मी मान्य करतो.

पण मला सांगा, उपाय काय? प्रवेशाच्या अटी कडक करायच्या? १९८६ पासून 'प्रपोझिशन ४८' लावून बघितलं, परीक्षेच्या गुणांची अट. त्याचा फटका कुणाला बसला? गरीब कृष्णवर्णीय पोरांनाच. १९८९ मध्ये तीच अट आणखी आवळायला निघाले तेव्हा जॉर्जटाउन विद्यापीठाचे बास्केटबॉल कोच जॉन थॉम्पसन भर सामन्याच्या सुरुवातीला मैदानातून चालते झाले होते. टक्का वाढवायचा सोपा मार्ग म्हणजे कच्च्या पोराला घेऊच नका.

वहीवाली

प्लस वन. उलट टोकही बघा. नॉर्थवेस्टर्नच्या फुटबॉल संघाचा सक्सेस रेट ९७ टक्के होता, देशात अव्वल. तिथलाच क्वार्टरबॅक (चाल चालवणारा मुख्य खेळाडू) केन कोल्टर २०१४ मध्ये कामगार मंडळासमोर उभा राहून सांगतो की मला डॉक्टर व्हायचं होतं, रसायनशास्त्राचा वर्ग सरावाच्या वेळेला यायचा, म्हणून शेवटी मानसशास्त्र घेतलं. टक्केवारीत तो यशस्वीच. रानजाईंचा छेद दुरुस्त केला तरी कोल्टर त्यात दिसणार नाही.

रानजाई

बरोबर. तरी दुरुस्त कराच. कॉलेजने सही करून घेतलेला प्रत्येक मुलगा, कुठेही गेला तरी, आठ-दहा वर्षांनी त्याच्याकडे पदवी आहे की नाही एवढं बघा. ही नोंद शोधणं आज अवघड नाही.

निमित्तमात्र

आता या वादाला अर्थ उरलाय का? २०२१ पासून खेळाडूंना नाव-प्रतिमेचे (जाहिराती वगैरेंचे) पैसे, २०२५ च्या जूनमधल्या कोर्टातल्या तडजोडीनंतर एकेक कॉलेजच थेट वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलर खेळाडूंत वाटू शकतं. पगारी माणसाला पदवी कशाला विचारता?

गणितज्ञ नव्हे

वाटपाचा मोठा वाटा क्वार्टरबॅक आणि दोन-चार जणांना जातो हो. संघात शंभरेक पोरं असतात. एनएफएलपर्यंत शंभरात दोनही पोचत नाहीत. उरलेल्यांना पदवी लागणारच.

आणि एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाहीये. पूर्वी कॉलेज बदललं की एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. पदवी हातात असेल तर मात्र नाही. त्यामुळे तीन वर्षांत पदवी उरकायला कारण होतं. जो बरो ओहायो स्टेटची पदवी घेऊन लुइझियाना स्टेटला गेला, जेलन हर्ट्स अलाबामाची घेऊन ओक्लाहोमाला. २०२१ मध्ये एकदा बदलायला मोकळीक मिळाली, २०२४ मध्ये पात्र असाल तर कितीही वेळा. घाई करायचं ते कारणच गेलं. वर दर बदलीत थोडी क्रेडिट्स नव्या कॉलेजात धरली जात नाहीत.

२०२१ च्या शरदात दाखल झालेल्यांची सहा वर्षं २०२७ मध्ये भरतील. तेव्हा दोन्ही पद्धतींचे आकडे शेजारी ठेवून बघू.

ओहायोकर

बघू. तोपर्यंत नोव्हेंबरातल्या मिशिगनच्या सामन्याला कोण कोण येतंय ते इथेच कळवा, तिकिटं मी बघतो.