मदत हवी आहे : पेटंट असलेल्या औषधाबद्दल कायदा जाणणारं कुणी आहे का?

नमस्कार मंडळी. आम्ही वडोदऱ्याचे, दांडिया बाजारात राहतो. आईला कॅन्सरची गोळी सुरू आहे. औषधावर पेटंट आहे, स्वस्त पर्याय नाही. परवा पाहिलं तर तिने महिन्याच्या गोळ्या कुंकवाच्या जुन्या डबीत वेगळ्या काढल्या होत्या, एक दिवसाआड घ्यायच्या म्हणून! काळजात नुसती कालवाकालव झाली.

तेव्हापासून वाचतेय. २००१ च्या दोहा जाहीरनाम्याने जागतिक व्यापार संघटनेतल्या देशांचा सक्तीचा परवाना (म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीशिवाय दुसऱ्या कंपनीला औषध बनवायची सरकारी परवानगी) देण्याचा हक्क स्पष्ट केला. आपल्याकडे पेटंट कायद्याच्या कलम ८४ खाली २०१२ मध्ये नॅटको या भारतीय औषध कंपनीला सोराफेनिब या कॅन्सरवरच्या औषधासाठी तो मिळाला आणि महिन्याची किंमत सुमारे २,८०,००० रुपयांवरून ८,८०० वर आली. म्हणजे वाट आहे. पण पेटंट मिळून तीन वर्षं व्हावी लागतात, शिवाय औषध बनवणारी कंपनी पुढे यायला हवी.

मग घरच्यांनी काय करायचं? त्याच औषधावर नवा पेटंट अर्ज आला, तर पेटंट आणखी लांबू नये म्हणून मंजुरीआधी कुणीही हरकत घेऊ शकतं. कुणी अशी हरकत घेतली आहे का? मसुदा कोण करून देतं? वडोदरा-अहमदाबादकडचा वकील माहीत असेल तर कृपया सांगा, गुजराती बोलणारा असला तरी चालेल. आईला यातलं काही सांगितलेलं नाही.