जुन्या फांद्यांवरची चेरी बारीक का राहते?

मेघा_यॅकिमा
नमस्कार. वॉशिंग्टन राज्यात यॅकिमाला राहते. परसात बिंग चेरीचं मोठं झाड आहे, घर घेतलं तेव्हाच पूर्ण वाढलेलं होतं. फळ भरपूर लागतं, पण आतल्या जाड फांद्यांवरचं बारीक आणि पाणचट. शेंड्याकडचं मात्र टपोरं, काळसर लाल. खतपाणी तर सगळ्या झाडाला एकच! फांदीच्या वयाचा संबंध असेल का? असेल तर कापू काय आणि किती?

डॅल्सकर
मेघाताई, संबंध आहेच, पण त्याच्या जोडीला उजेडही आहे. मी ऑरेगॉनमध्ये दी डॅल्सला चेरीच्या बागेत काम करतो, रोज हेच बघतो. (बिंग मूळची आमच्याच राज्यातली, १८७५ च्या सुमारास मिल्वॉकीला निघालेली. म्हणून जरा जास्तच जीव आहे तिच्यावर.)

गोड चेरी मुख्यतः स्परवर येते. स्पर म्हणजे २ वर्षांच्या आणि त्याहून जुन्या लाकडावरची आखूड, गाठाळ फळफांदी. एकेक स्पर १०-१२ वर्षंसुद्धा फळ देतो, म्हणून लोक जुनी फांदी कापायला धजत नाहीत. पण नुसतं फळ लागणं आणि चांगलं फळ पोसणं यात फरक आहे. स्परच्या टोकाला पानांचा डोळा असतो, भोवती फुलांचे. वय वाढतं तसे फुलांचे डोळे दाटतात आणि सावलीत पानं लहान होत जातात. फळाला साखर मिळते ती बरीचशी जवळच्या पानांकडून. चार चिमुकली पानं आणि गुच्छभर फळं, मग फळ फुगणार कशावर? शेंड्याकडे लाकूड कोवळं, पानं मोठी आणि ऊन भरपूर.

त्यामुळे फळ धरणारी फांदी ४-५ वर्षांपेक्षा जुनी होऊ द्यायची नाही, असं माझं ठाम मत आहे. दरवर्षी सर्वांत जाड फांद्यांपैकी चौथा-पाचवा हिस्सा काढा. बुडातून उडवू नका, वीतभर खुंटी ठेवा, तिच्यावरच्या सुप्त डोळ्यांतून नवी फूट येते. ऑस्ट्रेलियातल्या किम ग्रीन यांची झुडपी पद्धत याच हिशोबावर उभी आहे. नुसते शेंडे मारत बसलात तर वरच फुटवे दाटतील आणि आत आणखी अंधार.

निफाडचा_द्राक्षवाला
आमच्याकडे द्राक्षाला एप्रिलला खरड छाटणी (सगळ्या काड्या आखूड कापायच्या), ऑक्टोबरला फळछाटणी, काडी दरवर्षी नवीच. चेरीचं पण एकदाच सगळं खरडून टाकलं तर?

डॅल्सकर
नको दादा. द्राक्षाचा घड त्याच हंगामातल्या फुटीवर येतो. चेरीची यंदाची फूट पुढच्या वर्षी फक्त बुडाशी थोडी फुलं देते, स्पर फुलायला त्याच्याही पुढचं वर्ष उजाडतं. सगळं खरडलं तर दोन हंगाम जवळजवळ हातचे गेले, वर झाड उभे सोट फेकत राहणार.

गीसेनहून_प्राची
माझ्याकडे गिझेला ५ खुंटावर (झाड बुटकं ठेवणाऱ्या मुळांच्या बुंध्यावर) कलम केलेली लॅपिन्स जातीची चेरी आहे, बुटकी. तिलाही हेच लागू का?

डॅल्सकर
तिला तर जास्तच. गिझेला ५ वर फळ लवकर आणि खच्चून लागतं, फूट मात्र कमी. तिथे एक वर्षाच्या काडीचा शेंडा जरूर मारा, साधारण तिसरा हिस्सा. पुढे दाट फळ लागणारा भागच कमी होतो आणि नवी फूटही येते. मेघाताईंच्या झाडासारख्या जोमदार झाडाला हा उपाय नको.

मेघा_यॅकिमा
खूप आभार! मग फेब्रुवारीत पानं नसताना कापू का? फांद्या नीट दिसतात तेव्हा.

डॅल्सकर
तोडणी आटोपली की जुलै-ऑगस्टच्या कोरड्या दिवसांत कापा. थंडी-पावसात ओल्या जखमेतून सुडोमोनास जिवाणू शिरतो, डिंक गळतो आणि फांदी वाळते. शिवाय पुढच्या वर्षीच्या फुलांचे डोळे उन्हाळ्यातच घडतात, तेव्हा आत ऊन पोचलेलं बरं. फांद्या निवडायचं काम मात्र फेब्रुवारीतच करा: काढायच्या फांद्यांना रंगीत दोरी बांधून ठेवा. दोरी बांधल्यावर फोटो इथे टाका, पहिली कुठली काढायची ते बघून सांगतो.