टिप म्हणजे लूट नव्हे

अमेरिकेतली २० टक्के टिप म्हणजे निव्वळ लूट, हे काय पटलं नाही बघा. तिथं टिपवाल्या वेटरचा केंद्रीय किमान पगार तासाला २.१३ डॉलर, तोही १९९१ पासून तेवढाच, काही राज्यांत जास्त आहे पण बाकीकडं टिपवरच घर चालतं त्यांचं. जपानमध्ये उलट, टेबलावर पैसे ठेवले तर विसरलात समजून मागं पळत येतील. आपल्या कोल्हापुरात मटण थाळीला न मागता तिसऱ्यांदा पांढऱ्या रश्शाची वाटी भरणारा वाढपी असतो ना, त्याला मी हातातच देतो, बडीशेपेच्या ताटलीतले पैसे गल्ल्यात जाताना डोळ्यांनी बघितलेत एका ठिकाणी. आणि सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावला तर काढायला लावा, आपल्याकडं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो ऐच्छिकच आहे.